हंड्याची पावती आणि कारखान्याचा शेअर

तुमच्या माळ्यावर तांब्याचा एखादा जुना हंडा आहे ना? सासूबाईंच्या लग्नातला, काठावर नाव कोरलेला? समजा, ट्रंकेच्या तळाशी त्याची पावती सापडली आणि तीवर लिहिले आहे, रुपये पन्नास फक्त. तेवढ्यात दारावर जुनी भांडी मोडीत घेणारा आला आणि म्हणाला, "वहिनी, पावती पन्नासाची आहे, मी साठ देतो. दहा रुपये तुमचा फायदा!" तर तुम्ही त्याला हंडा द्याल का? त्याला उंबऱ्याच्या आतसुद्धा घेणार नाही. तांब्याचा आजचा भाव काय, हंड्याचे वजन किती, आणि असा हंडा आज करून घ्यायचा म्हटले तर तांबट किती घेईल, हे गणित तुम्ही उभ्या उभ्या मनातल्या मनात कराल.

मग सांगा पाहू, हीच हुशार बाई घरातला शेअर विकताना मात्र पावतीवरची किंमत पाहून का फसते?

हे सुचले ते इथल्या उंब्रजच्याच एका वहिनींमुळे. दिवाळी उलटून गेली होती. हमरस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. वहिनी हातात कापडी पिशवी घेऊन आल्या. पिशवीत भाजी नव्हती, एका खाजगी साखर कंपनीचे दहा वर्षांचे वार्षिक अहवाल होते! त्यांच्या यजमानांनी पूर्वी घेतलेले दोन हजार शेअर आता वहिनींच्या नावावर आले आहेत. मुलीला कराडला नर्सिंगला प्रवेश मिळाला, पहिल्या वर्षाला तीस हजार कमी पडत होते.

"ताई," त्या म्हणाल्या, "भाऊजी म्हणतात, समदेच विकून मोकळ्या व्हा. कारखाना तोट्यात आलाय. पुस्तकी किंमत पन्नास आहे आणि बाजारात साठ मिळतायत. दहा रुपये वरच की!"

मी विचारले, "दोन वर्षांपूर्वी भाऊजी काय म्हणत होते?"

वहिनी हसल्या. "तवा म्हणत होते, बँकेतली ठेव मोडा आणि अजून शेअर घ्या. तवा भाव एकशे पासष्ट होता. शेअरमागं बावीस रुपये नफा आहे, साडेसात वर्षांत पैसे वसूल, म्हणजे स्वस्तच आहे, म्हणाले."

दीर काही वाईट माणूस नाही बरं का. भावाच्या संसाराची त्यांना काळजी आहे. पण दोन्ही वेळा त्यांनी माप चुकीचे लावले. पहिल्यांदा एका वर्षाचा नफा पाहिला आणि दुसऱ्यांदा जुन्या रुपयांची किंमत पाहिली. आज आपण ही दोन्ही मापे दुरुस्त करू. कंपनीचे नाव मी सांगणार नाही, आणि आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. अमुक शेअर घ्या, तमुक विका, असे सांगायचा माझा हेतू नाही. हिशेब कसा मांडायचा एवढेच सांगायचे आहे.

आधी एक खुलासा

आपल्याकडे शेअर म्हटले की बायकांना आधी सहकारी कारखान्याचा शेअर आठवतो. यशवंतनगरच्या सह्याद्रीचा असो की रेठऱ्याच्या कृष्णेचा, त्या शेअरला हे गणित लागू नाही. सहकारी संस्थेत एका सभासदाला एकच मत असते, लाभांशाला कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि सभासदत्व सोडताना भरलेल्या रकमेपेक्षा जास्त परत मिळत नाही. कारखाना कितीही मोठा होवो, शेअरची किंमत वाढत नाही. त्याचा फायदा उसाच्या दरातून आणि सवलतीच्या साखरेतून मिळतो. त्याला शेअर म्हणत असले तरी तो सभासदत्वाचा दाखला समजा.

आपण बोलतो आहोत ते खाजगी, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीबद्दल. अशा कंपन्या आपल्या मुलखाला नव्या नाहीत. आपली कृष्णा उंब्रजहून कराड, सांगली करत खाली उगारला जाते ना, त्या उगार खुर्दचा कारखाना चालवणारी उगार शुगर वर्क्स ही कंपनी १९३९ सालची. कारखाना बेळगाव जिल्ह्यात, पण कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय सांगलीला. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावचा वालचंद हिराचंदांचा कारखाना तर त्याच्याही आधीचा, १९३३ सालचा. म्हणजे या भागातल्या किती घरांत जुने शेअर पडून असतील, विचार करा.

रहाटगाडग्याचा धंदा

काही धंदे साबणासारखे असतात. पाऊस पडो न पडो, अंगाला साबण लागतोच. काही धंदे मात्र रहाटगाडग्यासारखे. एक पोहरा भरून वर येतो, तेव्हा दुसरा रिकामा खाली जात असतो. साखर, पोलाद, सिमेंट, कागद हे सगळे त्या जातीचे.

साखरेचे पाहा. चांगला भाव मिळाला की सगळे शेतकरी ऊस लावतात. दीड-दोन वर्षांनी सगळ्यांचा ऊस एकदम तुटायला येतो, साखर उदंड होते आणि भाव पडतो. बिले थकतात, शेतकरी दुसऱ्या पिकाकडे वळतो, मग साखर कमी पडते आणि भाव पुन्हा चढतो. २००६-०७ च्या हंगामात देशात २८० लाख टनांहून जास्त साखर झाली होती. दोनच वर्षांनी, २००८-०९ मध्ये, ती १४५ लाख टनांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर आली! त्यात पावसाची भर. महाराष्ट्रात २०१८-१९ ला १०७ लाख टन साखर झाली. पुढच्या हंगामाआधी काही भागांत दुष्काळ पडला आणि आपल्याकडे ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. त्या हंगामात राज्याची साखर ६२ लाख टनांच्या घरात होती. मग २०२१-२२ ला तीच १३७ लाख टनांवर गेली.

असल्या धंद्यात एका वर्षाचा नफा पाहून शेअरची किंमत करणे म्हणजे श्रावणात विहीर पाहून बारमाही पाण्याचा सौदा करणे. नफा सर्वांत जास्त असतो तेव्हा शेअर 'स्वस्त' दिसतो, कारण भावाला त्या नफ्याने भागले की आकडा लहान येतो. पण पोहरा वरच्या टोकाला पोचलेला असतो. आणि तोटा असतो तेव्हा भागाकारच करता येत नाही, म्हणून शेअर 'वाईट' दिसतो. दिरांचे पहिल्यांदा नेमके इथे चुकले.

मग नफ्यावर जाऊ नये, तर कशावर जावे? कंपनीजवळ आहे काय, त्यावर.

पुस्तकी किंमत म्हणजे काय?

ताळेबंदात एका बाजूला मालमत्ता असते : जमीन, इमारती, यंत्रे, गोदामातली साखर, येणे रक्कम. दुसऱ्या बाजूला देणी : बँकेचे कर्ज, उसाची बिले, इतर देणेकरी. मालमत्तेतून देणी वजा केली की जे उरते ते भागधारकांचे. त्याला शेअरच्या संख्येने भागले की एका शेअरची पुस्तकी किंमत, म्हणजे बुक व्हॅल्यू, मिळते.

वहिनींच्या कंपनीचा ताळेबंद असा होता. जमीन ५ कोटी, इमारती १२ कोटी, यंत्रे ४० कोटी, साखरेचा साठा आणि येणे मिळून ६० कोटी. एकूण ११७ कोटी. त्यातून सगळी देणी ६७ कोटी वजा केली की राहिले ५० कोटी. शेअर एक कोटी. म्हणजे शेअरमागे ५० रुपये. दिरांनी सांगितलेला आकडा बरोबर होता.

पण पाहा हं, त्यातले रुपये कधीचे आहेत? जमीन घेतली २००१-०२ साली. इमारती बांधल्या २००५-०६ साली. यंत्रे सरासरी २०१५-१६ ची. आणि साखर या वर्षीची. चार वेगवेगळ्या काळांतले रुपये एका बेरजेत घातले आहेत. हे म्हणजे सासूबाईंच्या हंड्याचे पन्नास रुपये आणि कालच्या कुकरचे दोन हजार यांची बेरीज करून 'माझी भांडी दोन हजार पन्नासची' म्हणण्यासारखे झाले.

ही खोट जगाला ठाऊक आहे. १९७४-७५ साली आपल्याकडे घाऊक किमती एका वर्षात पाव पटीने वाढल्या. इंग्लंडातही तेव्हा महागाईने कहर केला होता. कंपन्यांचे हिशेब जुन्या रुपया-पौंडांत ठेवावेत की आजच्या, यावर तिथे सरकारने सँडिलँड्स समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७५ साली आला. अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी तर आधीच, १९६९ साली, सांगितले होते की कंपनीचा बाजारभाव तिची मालमत्ता आज नव्याने उभी करायला लागणाऱ्या खर्चाशी ताडून पाहावा. १९८१ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. म्हणजे हंड्याचे गणित तुम्ही दारात उभ्या राहून करता, तेच त्यांनी कारखान्याला लावले.

आता आपण गणित करू

जुने रुपये आजच्या रुपयांत आणायला एक तक्ता लागतो. तो सरकारच छापते. जमीन-घर विकताना कराच्या हिशेबासाठी सी.ए. लोक 'कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स' काढतात ना, तोच. त्यात २००१-०२ साल १०० धरले आहे. २००५-०६ ला ११७, २०१५-१६ ला २५४ आणि २०२५-२६ ला ३७६. म्हणजे २००१-०२ चे शंभर रुपये ते २०२५-२६ चे ३७६. हा तक्ता प्रत्यक्ष महागाईपेक्षा जरा हात राखूनच असतो, आणि आपल्या कामाला तेच बरे.

एकेक ओळ घ्या.

जमीन : ५ कोटी, २००१-०२ चे. ३.७६ ने गुणले की सुमारे १९ कोटी.

इमारती : १२ कोटी, २००५-०६ चे. ३७६ ला ११७ ने भागून आलेल्या आकड्याने गुणले की सुमारे साडेअडतीस कोटी.

यंत्रे : ४० कोटी, २०१५-१६ चे. ३७६ भागिले २५४, म्हणजे जवळजवळ दीडपट. सुमारे ५९ कोटी.

साखर आणि येणे : ६० कोटी. ते आजचेच रुपये, त्यांना हात लावायचा नाही.

बेरीज होते सुमारे १७६ ते १७७ कोटी. त्यातून देणी ६७ कोटी वजा. देणी मात्र वाढवायची नाहीत बरं का! बँक जितके रुपये दिले तितकेच, व्याजासह, परत मागते. रुपयाची किंमत घटली म्हणून जादा मागत नाही. उरले सुमारे ११० कोटी, म्हणजे शेअरमागे ११० रुपये.

आता बघा चित्र कसे पालटले. दिरांच्या मते साठ हा भाव पन्नासाच्या वर होता. आपल्या मापाने तो ११० च्या जवळपास निम्म्यावर आहे, रुपयाची वस्तू ५५ पैशांत. आणि दोन वर्षांपूर्वी 'स्वस्त' वाटलेला १६५ चा भाव याच मापाने दीडपट महाग होता.

"यंत्रं कधीची हे तुम्हास्नी कसं कळलं?" वहिनींनी लगेच विचारले. प्रश्न अगदी योग्य आहे. अहवालात मालमत्तेच्या टिपणात दोन आकडे असतात : आजवरचा एकूण घसारा आणि या एका वर्षाचा घसारा. पहिल्याला दुसऱ्याने भागा. एकूण घसारा ४० कोटी आणि वर्षाचा ४ कोटी, म्हणजे यंत्रांचे सरासरी वय दहा वर्षे. अंदाजच आहे, पण आपल्या कामापुरता पक्का.

पण हंडा वेगळा आणि मिक्सर वेगळा

इथे थांबलो तर आपणही फसू. हंडा पन्नास वर्षांनीही तांबेच राहतो. पंधरा वर्षांपूर्वीचा मिक्सर मात्र, आज नवा कितीही महाग असो, मोडीतच जातो. कारखान्यातले काय हंडा आहे आणि काय मिक्सर आहे?

याचे उत्तर आपल्या सातारा-सांगलीकडच्या घरांना कडू अनुभवाने माहीत आहे. इथल्या किती घरांतले पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे कितीतरी गिरण्यांचे भोंगे कायमचे बंद पडले. त्या गिरण्यांत जुन्या मागांना कोणी विचारले नाही, सोने झाले ते खालच्या जमिनीचे.

अमेरिकेत वॉरन बफे यांच्या बर्कशायर कंपनीनेही १९८५ साली आपली कापडगिरणी बंद केली. जी यंत्रे विकली ती मुळात सुमारे १ कोटी ३० लाख डॉलरना घेतलेली होती. पुस्तकात त्यांची किंमत उरली होती ८ लाख ६६ हजार डॉलर. तशी नवी घ्यायला ३ ते ५ कोटी डॉलर लागले असते. आणि विकून हाती आले फक्त १ लाख ६३ हजार! महागाईने वाढवलेली किंमत तेव्हाच खरी, जेव्हा त्या यंत्रातून तेवढे उत्पन्न निघते.

म्हणून दुसरी चाचणी घ्यायची, ती दहा वर्षांच्या नफ्याची. दहा वर्षे अशासाठी, की त्यात रहाटाचा पोहरा वर-खाली होऊन येतो. प्रत्येक वर्षाचा नफा किंवा तोटा त्याच तक्त्याने आजच्या रुपयांत आणायचा. वहिनी आणि मी दुपारभर हे करत बसलो. निघाले असे : तीन चांगली वर्षे, प्रत्येकी २२ कोटी. चार मध्यम, प्रत्येकी ८ कोटी. तीन वाईट, प्रत्येकी ६ कोटी तोटा. बेरीज ८० कोटी, सरासरी वर्षाला ८ कोटी.

त्यातूनही थोडे काढायचे. घसारा धरला आहे जुन्या किमतीवर, वर्षाला ४ कोटी. पण जुनी यंत्रे बदलायची वेळ येईल तेव्हा नवी मिळणार आजच्या भावाने. दीडपट धरला तर घसारा हवा ६ कोटी. ते जादा २ कोटी नफ्यातून वजा करा. उरला सरासरी ६ कोटी, म्हणजे शेअरमागे ६ रुपये, आणि तेही महागाई वगळून.

११० वर ६ रुपये म्हणजे साडेपाच टक्के. साठला घेतलेल्या शेअरवर दहा टक्के. एकशे पासष्टवर साडेतीनच्या जरा वर. आता तुम्हीच सांगा, ठेव मोडून १६५ ला शेअर घेण्यात शहाणपण होते का? आणि साठला सगळेच फुंकून टाकण्यात?

पण समजा, ती सरासरी ८ ऐवजी ३ कोटीच निघाली असती, तर? २ कोटी वजा जाऊन उरला असता शेअरमागे एक रुपया. मग ११० चा आकडा कागदावरच राहिला असता. ज्या वाड्याला भाडेकरूच मिळत नाही, त्याच्या सागवानी खांबांचे कौतुक काय कामाचे? अशा वेळी साठसुद्धा महाग ठरले असते.

साखरेत हा धोका खरा आहे, कारण तिथे दोन्ही बाजू सरकारच्या हाती असतात. उसाची एफआरपी २०१८-१९ ला १० टक्के उताऱ्याला क्विंटलमागे २७५ रुपये होती, ती २०२५-२६ साठी सव्वादहा टक्के उताऱ्याला ३५५ झाली. साखरेचा किमान विक्री दर मात्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये किलो केला आणि पुढे कितीतरी वर्षे तो तेवढाच ठेवला. यंत्रे महागली म्हणून साखरेला भाव मिळेलच असे नाही. म्हणून दोन्ही चाचण्या हव्यात, एकटी कोणतीच नको.

फसायच्या आणखी चार जागा

पहिली : कंपनीने स्वतःच जमिनीची किंमत वाढवून ताळेबंदात घेतली असेल. अहवालात पुनर्मूल्यनाचा उल्लेख आहे का पाहा. असेल तर ती ओळ पुन्हा वाढवायची नाही. एकदा फोडणी दिलेल्या वरणाला पुन्हा फोडणी कशाला?

दुसरी : कर्ज. चांगला काळ येईपर्यंत कारखाना तग धरला पाहिजे. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत बिल द्यावे असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. वाईट वर्षांत बिले किती थकली होती ते ताळेबंदात आणि गावातही कळते. शेतकऱ्याचे पैसे महिनोन्‌महिने थकवणाऱ्या कंपनीची मालमत्ता कितीही दिसो, पहिला हक्क बँकेचा आणि इतर देणेकऱ्यांचा. भागधारक पंगतीत सर्वांत शेवटी.

तिसरी : पुस्तकात न दिसणारी मालमत्ता. कंपनीने स्वतः कमावलेले नाव ताळेबंदात येत नाही. 'पान पसंद' आणि 'मँगो मूड' या गोळ्या तुम्ही पोरांना दिल्या असतील. त्या रावळगावच्या. २०२४ साली कंपनीने ती नावे २७ कोटी रुपयांना विकली. म्हणजे किंमत कधी कधी पुस्तकाबाहेरही असते. पण ती धरायची तर पुरावा हवा, नुसता भरवसा नको.

चौथी घरातलीच : कागदी शेअर. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, विकण्याआधी डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. ते परत मिळवता येतात, पण खेटे घालावे लागतात. ट्रंक आजच उघडा.

मग वहिनींनी काय केले?

गणित होऊन चहा झाला. वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हे ठेवले तर दुप्पट होतील, असंच ना ताई?"

मी म्हटले, "नाही वहिनी, असे मी मुळीच म्हटलेले नाही. पोहरा कधी वर येईल ते मला माहीत नाही, आणि पुढच्या वर्षी तो आणखी खाली गेला तर मला दोष देऊ नका. आज कोणी घाई करतो म्हणून हंडा मोडीत घालू नका, एवढेच हे गणित सांगते. पण घरात पाणी भरायलाच हंडा नसेल, तर हिशेब वेगळा. पोरीची फी ही आजची गरज आहे."

त्यांनी ते बरोबर पकडले. तीस हजार हवे होते, साठच्या भावाने पाचशे शेअर विकले. दीड हजार ठेवले. पुढच्या वर्षांच्या फीसाठी पोस्टात आवर्ती ठेव सुरू केली, म्हणजे वाईट भावात पुन्हा शेअर काढायची पाळी येऊ नये. आणि अहवालाच्या मागच्या पानावर स्वतःच्या हाताने लिहून ठेवले : 'आजच्या रुपयांत ११०. भाव दीडपटीवर गेला तर विकायला काढणे. ऊसबिले थकू लागली तर वाट न पाहता विकणे.' तारीखही घातली.

दिरांना हे कसे सांगायचे, ही त्यांना धास्ती होती. मी म्हटले, कागद घेऊन जा आणि त्यांनाच बेरीज तपासायला सांगा. दुसऱ्या दिवशी दीरच आले. त्यांनी एक चूक काढलीसुद्धा! इमारतींतले एक गोदाम २०१५-१६ ला बांधलेले होते, आम्ही ते जुन्यात धरले होते. दुरुस्त केल्यावर ११० चे १०५ झाले. वहिनींनी पानावरचा आकडा खोडून नवा लिहिला. जाताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, माझ्याकडंबी एका सिमेंटचे पडलेत. तेवढं बघा की."

तेव्हा मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढे करा. घरात जुना शेअर असेल तर कंपनीचा शेवटचा वार्षिक अहवाल मिळवा. जमीन, इमारती, यंत्रे कोणत्या सालची ते लिहा. तक्त्याने गुणा, देणी तशीच वजा करा, शेअरच्या संख्येने भागा. मग दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी त्याच्या शेजारी मांडा. अडलात तर चुलत दिरांना, भाच्याला, बँकेतल्या ओळखीच्या माणसाला विचारा. पण पेन्सिल मात्र तुमच्याच हातात असू द्या.

पुढच्या अंकी : पोस्टाची आवर्ती ठेव की घरची भिशी?